कोणतं पिल्लू कोणत्या घरी?

प्रश्न : साताऱ्यात आमचं बैठं घर आहे. गल्लीतली एक तांबडी कुत्री, आम्ही तिला तांबू म्हणतो, परसातल्या जळणाच्या खोपीत व्याली. पाच पिल्लं आहेत, दोन नर आणि तीन माद्या, आज साडेपाच आठवड्यांची. पांढरा नर अंगानं मोठा, ताटलीवर सगळ्यांना ढकलून पहिला, चपलांचे बंद ओढणारा. काळा नर आधी लांबून बघतो, मग येतो आणि आला की पायापायात असतो. ठिपक्यांची मादी एकटीच भटकते, दोनदा फाटकाखालून रस्त्यावर गेली. तांबूस मादी कुणाच्याही मांडीवर झोपते. काळी मादी सगळ्यांत लहान. नवं माणूस दिसलं की लाकडांमागं जाते, माझ्या हातचं मात्र खाते.

मागणारे चार आहेत. कोरेगावकडच्या एका शेतकऱ्यांना वस्तीवर राखणीला ‘तिखट’ नर हवाय. त्यांनी पांढऱ्याला कान धरून उचललं, तो ओरडला नाही, म्हणून तोच पाहिजे म्हणतात. मुलीची कराडची मैत्रीण, तिची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, त्यांनाही पांढराच हवा. हिंजवडीला आठव्या मजल्यावर राहणारं एक जोडपं, दोघंही नोकरीला. त्यांनी फोटोवरून काळी मादी मागितली, ‘डोळे किती गरीब आहेत’ म्हणून. आणि समोरचे आजी-आजोबा, ७१ आणि ७६ वर्षांचे. तांबूला रोज भाकरी घालतात. ‘सोबतीला एखादं द्या’ म्हणतात. सगळ्यांना येत्या रविवारीच न्यायचंय. ठिपकीला कुणी विचारत नाही. शेजारी म्हणतात, उरतील त्या माद्या मंडईपाशी सोडून या, जगतील कशाही.

पिल्लांचा स्वभाव ओळखायची काही परीक्षा असते का? आणि कोणतं कुणाला द्यायचं हे मी ठरवायचं की नेणाऱ्यानं?

— एक वाचक, वय ६३, सातारा

उत्तर :

काकू, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्हीच ठरवायचं. साडेपाच आठवडे या पाच जणांचं खाणं, झोपणं, भांडणं तुमच्या डोळ्यांसमोर झालंय. नेणारा माणूस दहा मिनिटांसाठी येतो. त्या दहा मिनिटांत जे पिल्लू नुकतंच पोटभर खाऊन पेंगुळलेलं असेल ते त्याला गरीब वाटतं आणि जे झोपेतून उठवलं असेल ते चिडकं. पाहुणा रंग बघतो, नर की मादी बघतो आणि जे धावत अंगावर येतं त्याला ‘यानं आम्हाला निवडलं’ म्हणतो. धावत पहिलं येणारं पिल्लू बहुतेक वेळा घोळक्यातलं सर्वांत दांडगं असतं. म्हणून सगळ्यांची पसंती एकाच पिल्लावर पडते आणि नेमकं तेच पिल्लू सगळ्यात कमी घरांना झेपणारं असतं. तुमच्याकडे पांढऱ्याचं तेच झालंय. तेव्हा पिल्लं मांडून ‘घ्या यातलं कुठलंही’ म्हणू नका. आधी घराची चौकशी करा, मग ‘तुमच्यासाठी हे’ असं सांगा. नाही पटलं तर त्यांना दुसरीकडे बघू द्या.

या रविवारी मात्र एकही पिल्लू देऊ नका. आणखी अडीच आठवडे थांबा. महिन्याचं पिल्लू आणलं की लवकर लळा लागतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि त्या समजुतीपायी कितीतरी पिल्लं दूध तुटायच्या आत आईपासून काढली जातात. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात, तेव्हा एक फार मोठी गोष्ट शिकतात. दात जोरात लागला की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. आईही दात लागला की उठून जाते. जबडा किती दाबायचा हे कुत्र्याला तिथं कळतं. हे शिकण्याआधी घरी आणलेलं पिल्लू माणसाच्या हातावर तो सगळा सराव करतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांना आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तुम्ही काही विकत नाही, त्यामुळे तो नियम तुम्हाला लागू नाही, पण त्या आठ आठवड्यांमागचं कारण तुमच्या खोपीतल्या पिल्लांनाही तितकंच लागू आहे.

लळ्याची काळजी नको. अमेरिकेतल्या बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपानं मांडला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन माणसांना आणि नव्या गोष्टींना उघडं असतं, हे त्यातून पुढे आलं. आठव्या आठवड्यात नेलेल्या पिल्लाजवळ लळा लागायला भरपूर वेळ उरतो. मात्र उरलेला सगळा काळ फुकट घालवायचा नाही, त्याकडे खाली येते.

आता परीक्षा. हो, असते. सगळ्यात माहितीतली म्हणजे व्होलहार्ड दांपत्याची. एकोणपन्नासाव्या दिवशी पिल्लाला एकेकटं, अनोळखी खोलीत, अनोळखी माणसानं तपासायचं. हाकेला येतं का, मागं चालतं का, धरून ठेवलं तर किती धडपडतं, कागदाचा बोळा टाकला तर उचलून आणतं का, आवाजाला काय करतं. प्रत्येकाला एक ते सहा गुण. परीक्षा उपयोगी आहे, पण तिच्यावर भविष्य टांगू नका. व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीची पिल्लं अशा चाचण्यांतून घेतली आणि तीच कुत्री मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवीन जागा हुंगत फिरण्याची हौस तेवढी बऱ्यापैकी टिकली होती, बाकी बहुतेक वागणुकीचा मोठेपणीच्या स्वभावाशी मेळ लागला नाही. म्हणजे पिल्लू आज जे आहे ते दिसतं, पण पुढं कसं होईल ते बरंचसं घरावर ठरतं. म्हणूनच मी घराच्या चौकशीला इतकं महत्त्व देतेय.

कान धरून उचलायची ती परीक्षा मात्र पुन्हा कुणालाही करू देऊ नका. पिल्लाला दुखतं. आणि न ओरडणारं पिल्लू धीटच असतं असं नाही, भीतीनं थिजलेलं पिल्लूही गप्पच राहतं. टाळू काळी असली की कुत्रं तापट, वीस नखी असलं की राखणीला भारी, ही बोलणीही तुमच्या कानावर येतील. मागच्या पायाला जास्तीचं नख असणं हे रक्तातून येतं, राखणीशी त्याचा काही संबंध नाही.

तुम्ही एक करा. एक वही घ्या आणि रोज एकेका पिल्लाला दहा मिनिटं इतरांपासून वेगळं, परसात न पाहिलेल्या जागी घेऊन बसा. भावंडांच्या घोळक्यात दिसणारा स्वभाव आणि एकट्याचा स्वभाव यात पुष्कळदा अंतर असतं. पांढरा एकटा पडल्यावर कुंईकुंई करू लागला किंवा काळी एकटी असताना शेपटी वर करून हिंडू लागली, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. थोड्या अंतरावर स्टीलचं झाकण पडू द्या. दचकणं हे सगळ्याच पिल्लांचं असतं, त्याची नोंद नको. दचकल्यानंतर सावरायला किती वेळ लागला ते लिहा. पाच सेकंदांत झाकण हुंगायला गेलं, की मिनिटभर तुमच्या पदराआड बसून मग निघालं, की निघालंच नाही? कुत्र्याच्या स्वभावाबद्दल एकच गोष्ट विचारायची मुभा मिळाली, तर मी हीच विचारेन. मग मांडीवर घेऊन अलगद धरा, पंजे दाबून बघा, कान उघडून बघा. आधी धडपडून मग सैल पडतं का, की धडपड वाढतच जाते? हातातला घास मुठीत बंद केला तर थांबतं, चाटतं की दात लावतं? आठवडाभर लिहा. एका दिवसाच्या नोंदीवर काही ठरवू नका, पोट दुखत असलं तरी पिल्लू चिडकं दिसतं.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझी जुळवणी सांगते. वहीतल्या नोंदी वेगळं सांगू लागल्या तर वहीचं ऐका.

कराडच्या घरी पांढरा नको. सहा वर्षांचं मूल पळतं, किंचाळतं, हातातला खाऊ खाली धरतं. ढकलून खाणाऱ्या आणि बंद ओढणाऱ्या पिल्लाला यात खेळच खेळ दिसतो. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागले की ते दिसेल ते चावतं. तेव्हा धाकटं मूल सोफ्यावर चढून बसेल, आई वैतागेल आणि कुत्रं गॅलरीत बांधलं जाईल. तिथं तांबूस मादी द्या. जी कुणाच्याही मांडीवर झोपते, हाताळलेलं जिला चालतं, ती मुलांच्या घरातली. तरी मुलांच्या आईला स्पष्ट सांगा, पिल्लू मुलांचं म्हणून आणलं तरी काम मोठ्यांचं आहे. खाताना आणि झोपल्यावर मुलांनी हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून. मुलं पांढऱ्यासाठी रडली तर? रडतील थोडी. आठवडाभर तांबूस कुशीत झोपली की पांढरा आठवणार नाही.

पांढरा वस्तीवर जाऊ शकतो, पण अटी घालून. शेतकरीदादांचा ‘तिखट’ हा शब्द मला खटकतो. चांगली राखण करणारं कुत्रं घरच्यांच्या, गड्यांच्या, रोजच्या दूधवाल्याच्या सवयीचं असतं, म्हणूनच त्याला अनोळखी पाऊल वेगळं कळतं आणि ते भुंकून सांगतं. दिवसभर साखळीला बांधून तिखट केलेलं कुत्रं कुणालाही चावतं, त्यात घरातलं पोरही आलं. तेव्हा विचारा : दिवसा मोकळं राहील का? कोंबड्या, शेरडं आहेत का, आणि लहानपणी त्यांच्यात सोडून, लक्ष ठेवून सवय कोण लावणार? आधीची कुत्री किती वर्षं जगली, कशानं गेली? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. उत्तरात ‘रस्त्यावर गेलं’, ‘बिबट्यानं नेलं’ असं दोन-तीनदा आलं, तर त्या वस्तीवर काय बदललंय ते कळल्याशिवाय पिल्लू देऊ नका. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या मुलखात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आसपास ऊस असेल तर रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडीच दिल्यासारखं आहे, मग ते कितीही धीट असो. रात्रीला दार लागणारी, वरून बंद जागा हवी. या गोष्टी मान्य असतील तर पांढऱ्याचा दांडगेपणा, पटकन सावरणं आणि खाण्याची ओढ यांचं तिथं सोनं होईल. खादाड पिल्लू शिकवायला सगळ्यांत सोपं असतं, हे दादांना सांगा.

हिंजवडीच्या घराबद्दल मी तुमच्याहून जास्त धास्तावले. आठवा मजला, लिफ्टचं दार, पार्किंगमधले हॉर्न, रोज पन्नास अनोळखी माणसं. आणि नेमकी लाकडांमागं लपणारी काळी तिथं न्यायची! ‘गरीब डोळे’ म्हणून फोटोत जे दिसलं, ती भीती असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अशा पिल्लाला दिवसातून चार वेळा लिफ्टमधून खाली नेणं म्हणजे दिवसातून चार वेळा घाबरवणं आहे. त्यांना हे नीट सांगा, रागवू नका, त्यांचा हेतू चांगलाच आहे. मग विचारा, दिवसा घरी कोण असतं? दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास लघवी धरतं. दहा तास कुलपात राहिलं तर ते रडेल, दार ओरबाडेल, शेजारी तक्रार करतील. दोघांपैकी एक पहिले दोन-तीन महिने घरून काम करणार असेल, किंवा दुपारी येणारं विश्वासाचं माणूस असेल, तर काळा नर त्यांना द्या. आधी बघतो, मग येतो, आणि आला की सोबत राहतो. माणसाकडे बघून ठरवणारा हा स्वभाव फ्लॅटमध्ये चांगला निभतो. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आधी. सोसायटी कुत्रं पाळायलाच बंदी घालू शकत नाही किंवा लिफ्ट वापरू नका म्हणू शकत नाही, हे पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. दिवसभर कुणीच नसेल तर पिल्लूच नको. त्यांना एखादं मोठं, तीन-चार वर्षांचं, एकटं राहायची सवय असलेलं कुत्रं सुचवा.

‘गावठी फ्लॅटमध्ये कसं राहणार’ असं कुणी म्हटलं तर सांगा, २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून आणि त्यातल्या सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुकं तपासून एक मोठा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजतो, असं त्यातून निघालं. समोरचं पिल्लू बघा, जात मागाहून.

समोरच्या आजी-आजोबांना पिल्लू देऊ नका. या वयात हाताची कातडी पातळ होते, पिल्लाचा सुईसारखा दात लागला की रक्त येतं. पायात आलेल्या पिल्लामुळे एखादी वाईट पडझड झाली तर सगळंच अवघड. शिवाय गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. पण त्यांची सोबतीची गरज खरी आहे आणि तिच्यावर तुमच्याकडेच उत्तर आहे. त्यांना तांबू द्या. रोज त्यांच्या हातची भाकरी ती खाते, त्यांच्या पावलांची तिला ओळख आहे, खेळकर धसमुसळेपणाचं तिचं वय मागं पडलंय. पिल्लं सुटली आणि दूध आटलं की तिची नसबंदी करून घ्या, लस द्या आणि दारात गोणपाट टाका. ती कदाचित रात्री त्यांच्याकडे आणि दिवसा गल्लीत असं ठरवेल. ठरवू दे. पुढं मागं त्यांना झेपलं नाही तर तिची जबाबदारी कोण घेणार, एवढं त्यांच्या मुलांशी आत्ताच बोलून ठेवा.

ठिपकीला कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटलं, कारण पाचांमध्ये ती मला सगळ्यांत आवडली. वर सांगितलेली ती हुंगत फिरण्याची हौस तिच्यात ठासून भरलेली दिसते आणि तीच टिकण्याची शक्यता जास्त. तिला बंद घर सोसणार नाही, तुमच्या फाटकाखालचं भोकही आजच विटा लावून बुजवा. पण साताऱ्यात सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्यांना काही तोटा नाही. जो माणूस वर्षाचे बारा महिने, पावसातही चढतो, असा एक शोधा. किल्ल्याच्या वाटेवर चहाच्या टपरीवर शब्द टाका. तिच्या फोटोखाली ‘शांत, गोड’ वगैरे लिहू नका. ‘रोज तासभर चालवणार असाल तरच फोन करा’ असं लिहा. फोन कमी येतील, पण कामाचे येतील.

काळी राहिली. तिला कुठल्याही घाईच्या घरी पाठवू नका आणि ‘बिचारी’ म्हणून नेणाऱ्यांनाही देऊ नका. तिला तळमजल्यावरचं, कमी वर्दळीचं घर हवं. घरात आधीचं एखादं शांत, मोठं कुत्रं असेल तर फारच उत्तम, कारण भित्रं पिल्लू धीट कुत्र्याकडे बघून खूप शिकतं. असं घर मिळेपर्यंत ती तुमच्याकडे राहिली तर चालेल, दहा-बारा आठवड्यांपर्यंतही. पण तिच्यावर काम आजपासून करा. रोज एक नवा माणूस, लांब बसलेला, तिच्याकडे न बघणारा, शेजारी खाऊ टाकणारा. ती स्वतःहून येईल तेव्हाच हात, तोही हनुवटीखाली, डोक्यावरून नाही. कुकरची शिट्टी, स्कूटर, छत्री उघडणं, हे सगळं लांबून आणि घासासोबत. लाकडांमागून ओढून काढायचं नाही, कधीच. लहान मूलच नव्हे, दाढीवाला माणूस, काठीवाले आजोबा, रेनकोट घातलेला पोस्टमन, असे वेगवेगळे दिसू द्या. चौदा आठवड्यांनंतर हेच काम कितीतरी पटींनी अवघड होतं.

खरं तर बाकीच्या चौघांनाही यातलं थोडं थोडं हवंच आहे. सहाव्या आठवड्यात, म्हणजे याच आठवड्यात, डॉक्टरांना घरी बोलवा किंवा टोपलीतून घेऊन जा. जंताचं औषध झालं नसेल तर ते आणि पहिली लस. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. दवाखान्यात खाली जमिनीवर सोडू नका, पारव्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचे विषाणू तिथं असू शकतात.

आणि शेजाऱ्यांचं ते मंडईचं बोलणं. दोन महिन्यांची पिल्लं मंडईत सहसा जगत नाहीत. गाडीखाली जातात, उपाशी मरतात. एखादी मादी जगली तर पहिला माज सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत येतो आणि पुन्हा पाच-सहा पिल्लं. जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. सगळ्यांना नरच हवा असतो, कारण ‘मादीची कटकट’. नसबंदी केलेल्या मादीची कसलीही कटकट नसते, ती राखणही तितकीच करते. तुम्ही पिल्लू देतानाच वय सहा महिने झालं की नसबंदी, अशी अट घाला. खर्चाचा प्रश्न असेल तर निम्मा उचलायची तयारी असली तर तसं सांगा, लोक लगेच तयार होतात.

देण्याआधी शक्य असेल तिथं घर बघून या. कराड आणि कोरेगाव काही लांब नाही. हिंजवडीच्यांना व्हिडिओ कॉलवर गॅलरीचं रेलिंग दाखवायला सांगा, दोन गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर जाळी लावल्याशिवाय नाही. दोन पिल्लं एकाच घरी मागितली तरी देऊ नका, ती एकमेकांनाच धरून राहतात आणि माणसाकडे लक्ष देत नाहीत. नेतील तेव्हा खोपीतल्या गोणपाटाचा एक तुकडा आणि लसीचं कार्ड बरोबर द्या. तुम्ही काय खायला घालत होतात तेही लिहून द्या, आठवडाभर तेच घालू दे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा, मग दहाव्या दिवशी, मग महिन्यानं. त्यांच्या फोनची वाट बघू नका, अडचणीत आलेला माणूस संकोचानं फोन करत नाही. आणि कार्डाच्या मागं तुमचा नंबर लिहून ठळक अक्षरांत लिहा : ‘नाही जमलं तर कुणाला देऊ नका, सोडू नका, माझ्याकडे परत आणा.’ सुरुवातीच्या दोन महिन्यांत एखादं परत येईलही. आलं तर वही उघडा, त्या घरी काय झालं ते त्यात लिहा आणि त्यावरून पुढचं घर शोधा.